गवतातल्या पंधरा भाज्या

भाद्रपद लागला की राजापेठेच्या बाजारात सोळा भाज्यांचे वाटे मांडलेले दिसू लागतात. मूठभर गवार, दोन भेंड्या, कारल्याचा तुकडा, दोडक्याचा तुकडा, चवळीच्या चार शेंगा, वरून माठाची एक काडी. महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, नैवेद्याला आमच्या वऱ्हाडात सोळा भाज्या एकत्र शिजवतात, आणि त्या एकेक हुडकत बसायला आता कोणाला वेळ आहे? घ्या वाटा, टाका पिशवीत, चला घरी. मला त्यात काही वावगं वाटत नाही. फक्त मी तो वाटा ताटात पसरते आणि मोजते. पंधरापर्यंत आले की माझा हात थांबतो. सून म्हणते, "आई, दरवर्षी काय मोजता? भाजीवाली फसवते का?" मी म्हणते, "बाई, तू तुझं पुरण बघ."

यंदा आणखी एक निमित्त झालं. समोरच्या बंगल्यात राहायला आलेल्या पोरीने अंगणातलं लॉन खरवडून काढायला घेतलंय. पाणी पुरत नाही, कापायला माणूस मिळत नाही, आणि खायच्या कामाचं ते नाही, असं तिचं म्हणणं. मला विचारायला आली, "आजी, रोज बघावं लागणार नाही, पाणी कमी लागेल, अशी झाडं सांगा ना." मी सांगितली. शेवगा लाव. कढीपत्ता लाव. गवती चहा एका कोपऱ्यात टाकून दे. कुंपणावर वाल सोड, तो त्याचं त्याचं बघून घेतो. ती खूश होऊन गेली. मी मात्र दारातच उभी राहिले. आपली गरज नसलेली झाडं म्हणजे मोठी सोय, हे खरं. पण आपली गरज नाही, मग त्यांना गरज कोणाची असते, हा प्रश्न एका पावसाळ्यात माझ्या डोक्यात शिरला, तो अजून निघालेला नाही.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी अकोल्याकडची. आमचं गाव खारपाण पट्ट्यातलं, विहिरीचं पाणी खारट. चार वांगी पिकवायची तरी पावसाची वाट बघायची. लग्न होऊन अमरावतीला आले आणि सासरच्या अंगणात पाय ठेवला, तर समोर नुसतं गवत. कापलेलं, सारखं केलेलं, पंचवीस पावलं लांब आणि पंधरा पावलं रुंद. ऐन वैशाखात हिरवंगार. मी मनात म्हटलं, अगं बाई, इथे तर पाण्याची चैन आहे.

चैन कसली! ते पाणी माझ्या सासूबाई वाहत होत्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामाजी. मामाजी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांचा गोरा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा मामाजींनी त्याच्या बंगल्यातलं गवत चौकोन चौकोन कापून बैलगाडीतून घरी आणलं. गवत कापायचं यंत्रही आणलं. ते ढकलताना त्याचा असा कर्रकर्र आवाज यायचा की पलीकडच्या घरातलं मूल झोपेतून उठायचं. संध्याकाळी मामाजी वेताची खुर्ची टाकून गवताकडे बघत बसत. त्यांना त्यात काय दिसायचं देव जाणे.

आत्याबाईंना त्यात फक्त हरळी दिसायची. त्या मोर्शीकडच्या, पिढीजात शेतकऱ्याच्या. "वावरातली हरळी खंदता खंदता माह्या बापाची कंबर मोडली," त्या बादली ओतत म्हणायच्या, "अन् इथं म्या तिलेच पाणी पाजून राहिली. काय म्हणावं या नशिबाले!" त्यांची एकच मागणी होती. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या एका वर्षी तरी आपल्या अंगणातल्या असाव्यात. शेतकऱ्याच्या लेकीने देवीपुढे बाजारचा वाटा ठेवायचा, याची त्यांना फार लाज वाटायची. हातभर जागा मागितली तरी मामाजी म्हणत, "पुढच्या साली पाहू." अशी किती पुढची सालं गेली.

मामाजी वाईट होते असं कोणी समजू नका. माझे वडील मी चार वर्षांची असताना गेले. वडील म्हणजे काय, ते मला मामाजींनी दाखवलं. लग्नाच्या वेळी माझी नववी झालेली होती. "सूनबाई, मॅट्रिक करून टाक," ते म्हणाले, आणि रोज दुपारी पेन्सिल घेऊन माझ्याजवळ बसले. मी पास झाले त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. माझे यजमान शाळेत मास्तर, दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवायचे. मला शिकवलं ते मामाजींनी. असा माणूस आपल्या बायकोला हातभर माती देत नाही, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

फाल्गुनात एका दुपारी आत्याबाई पाणी टाकता टाकता गवताच्या काठावरच पडल्या. मी धावले तोवर सगळं संपलं होतं. बादली कलंडली होती. तेवढ्या जागेतलं गवत पुढे पंधरा दिवस बाकीच्यापेक्षा हिरवं दिसायचं. मामाजी तिकडे बघायचं टाळायचे, पण त्यांची नजर दुसरीकडे कुठे ठरायची नाही.

मला राग आला होता. दुःख होतंच, पण राग जास्त होता. स्वयंपाकघरात आत्याबाईंनी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत बियांच्या पुरचुंड्या बांधून ठेवल्या होत्या. माहेरून दरवर्षी आणायच्या आणि दरवर्षी तशाच ठेवायच्या. मृग बरसला, काळी माती लोण्यासारखी मऊ झाली, आणि एका दुपारी मामाजी घोरत असताना मी टोकदार काडी घेऊन त्यांच्या लाडक्या गवतात बी टोबलं. भोक पाडायचं, बी टाकायचं, टाचेने दाबायचं. भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारली, काकडी, अंबाडी. सात. बाकीच्या पुरचुंड्यांना कीड लागली होती, त्या मी टाकून दिल्या. म्हटलं, उगवू दे. बघू दे त्यांना. बायको गेल्यावर तरी कळू दे.

आठव्या दिवशी कोंब वर आले. सकाळी मामाजी चहाचा कप घेऊन अंगणात गेले आणि तसेच उभे राहिले. मी दाराआडून बघत होते, आता भडकतील, आता यंत्र काढतील. त्यांनी कप खाली ठेवला. गवतात वाकले, दोन बोटांनी एका कोंबावरची माती झाडली आणि हळूच म्हणाले, "आली."

माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, ते आत्याबाईंबद्दलच म्हणाले. मला तसं काही भासवायचं नव्हतं. मला फक्त त्यांना टोचायचं होतं.

त्या दिवसापासून गवताला यंत्र लागलं नाही. मामाजींनी खुर्ची काठावरून उचलून मधोमध नेली. गवत गुडघ्याएवढं झालं, त्यातून दोडक्याचे वेल सरपटत निघाले, आणि मामाजी त्यात कमरेपर्यंत बुडून बसलेले. ऊन असो, झड असो. पाऊस आला की डोक्यावर छत्री धरायची, उठायचं नाही. भर दुपारी बारा वाजता, जेव्हा आपली सावली पायाखाली येते आणि गल्लीत चिटपाखरू नसतं, तेव्हा मला त्यांचा आवाज यायचा. बोलत असायचे. मधे थांबायचे, मान हलवायचे, पुन्हा बोलायचे. आणि मी शपथेवर सांगते, ते थांबायचे तेव्हा तिथे अगदी शांत नसायचं. पानं हलायची. वारा नसला तरी.

आषाढ संपता संपता त्यांचं जेवण सुटत चाललं. ताट तिकडेच न्यायला सांगायचे आणि दोन घास खाऊन बाकीचं गवतात ठेवायचे. गळ्याची हाडं वर आली. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, मनाने घेतलंय. यजमान रागावले, समजावून थकले. एक दिवस मीच ताट घेऊन गेले आणि म्हटलं, "मामाजी, असं उपाशी काहून राहून राहिले तुमी?"

ते हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. "सूनबाई, यंदा तिचं वरीस झालं नाई, आपल्याकडे महालक्ष्म्या बसवाच्या नाईत. जागा रिकामी हाय. सोळा भाज्या पुऱ्या झाल्या का तुही आत्याबाई येईल. मले घेऊन जाईल. मंग जाताना पोट भरून काय करू?"

"किती झाल्या?" मी विचारलं.

"अकरा."

मी सात पेरल्या होत्या.

घरात येऊन मी पाटावर बसले ती बसूनच राहिले. मग मनाशी म्हटलं, अगं, काळी माती आहे, पाऊस आहे, पाखरं आहेत, कुठून तरी बी आलं असेल. पण पाखरं ओळीत पेरतात का? मी जाऊन पाहिलं. गंगाफळाचा वेल, पडवळ, माठ, मुळा. चारही एका ओळीत, वीतभर अंतरावर. पुढच्या आठवड्यात वाल निघाला. बारा झाल्या. गवतात पाय टाकायची मला भीती वाटू लागली. कपडे वाळत घालायला जायचे तेव्हा त्या बाजूला पाठ करायचे नाही. पाठ केली की वाटायचं, मागे कोणीतरी बादली खाली ठेवली.

श्रावण उतरला तेव्हा तेरावी आली. ती घोळीची भाजी होती. मग तरोटा आला. मग केना. शेताच्या बांधावर पावसात आपोआप येतात त्या ह्या. त्यांचं बी कोणी राखून ठेवत नाही, कोणी पेरत नाही. आत्याबाईंना त्यांची फार आठवण यायची. "आमच्या माहेरी सोळांत या रानभाज्या टाकतात, त्याशिवाय चव येत नाई," असं सांगायच्या. आता त्या तिन्ही साहेबाच्या गवतात आल्या होत्या, आणि रानभाजी कशी कुठेही पसरते, तशा नव्हे. ओळीत. वीतभर अंतरावर. प्रत्येक रोपाच्या बुडाशी माती दाबलेली होती.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस दोन दिवसांवर आला होता. गल्लीतल्या घराघरांतून मुखवटे पुसले जात होते, पातळांच्या निऱ्या चुरगाळू नयेत म्हणून बायका एकमेकींना दटावत होत्या. आमच्या घरात काही नव्हतं. मामाजींनी स्वच्छ धोतर नेसलं, हजामत करवली आणि खुर्चीत जाऊन बसले. "पंधरा झाल्या," मला म्हणाले. "आता एक."

मग मात्र माझ्याने राहवेना. माझ्या एका दुपारच्या रागापायी हा माणूस मरणार होता. ज्याने रोज दुपारी जवळ बसून मला मॅट्रिक केलं तो. मी गवतात गेले, त्यांच्या पायाशी बसले आणि रडत रडत सांगून टाकलं, "मामाजी, म्या पेरल्या. आत्याबाई कुठं नाईत. तुमच्यावर राग होता म्हणून म्या चोरून टोबल्या. मले माफ करा, पण जेवा."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात थंड होता.

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "पहिल्या दिवशीच समजलं. तुही ओळ वाकडी येते, पोरी. पाटीवर लिहायची तवाही वाकडीच यायची."

मी वर बघत राहिले.

"तू सात लावल्या. मले लाज वाटली. तिच्यासाठी सून लावते, अन् म्या बसून पाहून राहिलो. बाजारातून बी आणलं. तू सकाळी आत चूल पेटवत असायची तवा म्या इथं येऊन पाच लावल्या. गंगाफळ, पडवळ, माठ, मुळा, वाल."

सात आणि पाच बारा.

"आता तू सांग मले," मामाजी पुढे वाकले. त्यांच्या डोळ्यांत वेड नव्हतं. तेच तर भयंकर होतं. गणित शिकवताना जसे बघायचे तसे बघत होते. "त्या तीन कोणी लावल्या?"

भर दुपार होती. समोर घोळ, तरोटा, केना. मग केन्याचं निळं फूल जरासं हललं, कोणी चालता चालता पदर लागावा तसं, आणि मामाजींनी तिकडे बघून मान डोलावली.

मी उठले. आता भीतीची जागा संतापाने घेतली होती. आत्याबाई, तुम्हाला जिवंतपणी हातभर जागा मिळाली नाही, कबूल. तुमच्यावर अन्याय झाला, कबूल. पण हा माणूस मी देणार नाही. माझा एक बाप गेला, दुसरा मी न्यायला देणार नाही. हे मी मनात म्हटलं की मोठ्याने, आठवत नाही. शेजारच्यांच्या न्हाणीमागे सांडपाण्यावर धोपा माजला होता, अळूला आम्ही धोपा म्हणतो. मी विचारायलाही थांबले नाही. मुळासकट एक गड्डा उपटला, चार मोठाली पानं असलेला, आणि मामाजींच्या समोर गवतात हाताने खड्डा करून लावला. टाचेने माती दाबली.

"ही सोळावी," मी म्हटलं. "म्या लावली. तुमच्या डोळ्यांदेखत. आता कोणाले इथं यायचं काम नाई."

मामाजींचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. ते ओरडले नाहीत. खुर्चीचे हात घट्ट धरून बसले.

जेवणाच्या दिवशी मी सोळा भाज्या तोडल्या. मुखवटे नाहीत, आरास नाही, नुसती भाजी. तिन्ही रानभाज्यांची पानंही खुडली. पातेलं उतरवलं तेव्हा बारा वाजत आले होते. मामाजी ओसरीवर येऊन फाटकाकडे तोंड करून बसले होते. मी ताट वाढून आणलं. तेवढ्यात फाटकाकडे बघत ते ताडकन उभे राहिले. किती वेळ तसे उभे होते? मला वाटलं फार वेळ, पण ताटातली भाजी थंड झाली नव्हती. फाटकाकडे पाठ करून उभ्या माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. मी वळले नाही. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींना घाबरले नाही, पण तेव्हा वळले नाही. मग मामाजी हळूहळू खाली बसले, ताट पुढे ओढलं आणि जेवले. सगळं जेवले. ताट पुसून खाल्लं.

गवत पुढे आपोआप गेलं. दिवाळीनंतर नांगरटीसारखी खणणी करून घेतली आणि तिथे आमचा मळाच झाला. उन्हाळ्यात काही राहत नसे, पावसाळ्यात आपलं आपण येई. शेजारणी म्हणायच्या, तुमच्या अंगणाला कष्टच नाहीत बाई. मी हो म्हणायची. घोळ, तरोटा, केना पुन्हा कधी ओळीत आले नाहीत. मी दरवर्षी बघायची.

मामाजी त्यानंतर अकरा वर्षं जगले. नातवंडं खेळवली, त्यांनाही पेन्सिल धरून शिकवलं. त्या पावसाळ्याचं एक अक्षर आम्ही दोघं कधी बोललो नाही. मी स्वतःला शाबासकी देत राहिले. म्हटलं, माणूस वाचवला. पण कधी कधी संध्याकाळी ते फाटकाकडे बघत बसायचे तेव्हा मी काहीतरी काम काढून आत जायची.

शेवटच्या दुखण्यात एकदा दुपारी मी त्यांच्या उशाशी बसले होते. भाद्रपदच होता. ते छताकडे बघत होते. मग अगदी साध्या आवाजात, काल बाजारात कोण भेटलं ते सांगावं तसं, म्हणाले, "ती आल्ती, सूनबाई. त्या दिवशी. फाटकापाशी उभी होती. तिथूनच बोटानं मोजल्या तिनं. सोळा भरल्या पाहिलं, अन् म्हणली असंल, आता आपलं काय काम. परत गेली."

मी त्यांचा हात धरला. हाताची नुसती हाडं राहिली होती.

"तू कायले लावली वो ती सोळावी?"

रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते रागावले नव्हते. अकरा वर्षं मनात ठेवलेली गोष्ट विचारत होते. माझ्या डोळ्यांना धार लागली.

"मामाजी," मी म्हटलं, "मले तुमी पाहिजे होते."

त्यांनी डोळे मिटले.

"अन् मले ती," ते म्हणाले.